सोन्याला काही चिकटत नाही? मग हा थर कुठून आला?

सध्या फिरणारा दावा असा: सोनं, प्लॅटिनम हे राजधातू निष्क्रिय असतात, त्यांच्यावर काहीच बसत नाही. पुरावा काय, तर सोन्यावर पाणी पसरत नाही, थेंब गोळा होतो. आणि अशा धातूंचा पृष्ठभाग मोजायला नायट्रोजनचं अधिशोषण (वायूचे रेणू पृष्ठभागावर बसणं) पुरेसं आहे.

थेंबाचा पुरावा तर दावा करणाऱ्यावरच उलटतो. खरोखर स्वच्छ सोन्यावर पाणी सपाट पसरतं, स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) शून्याच्या आसपास येतो. तोच पत्रा उघड्या हवेत राहिला की हवेतले सेंद्रिय रेणू त्यावर बसतात आणि कोन ६० अंशांच्या पुढे जातो. म्हणजे थेंब गोळा होतो तो चिकटलेल्या थरामुळे.

सोनं गंजत नाही, हे बरोबर. पण म्हणून त्यावर काही बसत नाही, हे कुठून काढलं? गंधकयुक्त थायॉल रेणू सोन्यावर इतके पक्के बसतात की त्यांचा शिस्तबद्ध थर आपोआप तयार होतो. प्लॅटिनमची तर गोष्टच सोडा. ८० अंश सेल्सिअसच्या इंधन घटात (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या साधनात) हायड्रोजनमध्ये दहा लाखांत काही दहा भाग कार्बन मोनॉक्साइड असला, तरी तो प्लॅटिनमच्या जागा अडवून घटाची ताकद उतरवतो.

आता मोजमाप. कार्बनवर बसवलेल्या प्लॅटिनमची पूड घेतली, तर ७७ केल्विनला नायट्रोजन धातू आणि कार्बन दोन्हींवर सारखाच बसतो. हाती येतं ते मुख्यतः कार्बनचं क्षेत्रफळ! उत्प्रेरकाचं काम करणारा धातू किती उघडा आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सौम्य सल्फ्युरिक आम्लात त्या पुडीचं विभव (विद्युत दाब) हळूहळू वाढवत नेतात, आम्लातून प्लॅटिनमवर बसलेला हायड्रोजन उतरताना वाहिलेला विद्युतभार मोजतात, त्यातून दुहेरी थराचा भार (काहीही न उतरता, पृष्ठभागालगत आयन गोळा होण्यात खर्च होणारा भार) वजा करतात आणि उरलेल्याला दर चौरस सेंटिमीटरला २१० मायक्रोकूलोंब या, हायड्रोजनच्या पूर्ण एकेरी थराच्या आकड्याने भागतात. वजाबाकी विसरली की क्षेत्रफळ फुगतं. ही चूक सर्रास होते.

सोन्यावर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे हायड्रोजन असा बसत नाही. एवढ्यापुरता दावा खरा म्हणू. तिथे आधी पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवतात आणि तो उतरवतानाचा भार मोजतात. पॅलेडियमची अडचण उलटी: हायड्रोजन थेट धातूच्या आत शिरतो. थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्येच ते दाखवलं होतं. त्यामुळे तिथे हायड्रोजनचा भार पृष्ठभागाचा मानून चालत नाही.