पॅलेटचं टेबल पावसाळ्यात फाटेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.)

मी केलेल्या सोफ्याशेजारच्या टेबलाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॅलेटचं, म्हणजे मालाखाली ठेवतात त्या फळ्यांच्या चौकटीचं, लाकूड म्हणजे भंगार, पहिल्याच पावसाळ्यात फाटणार. स्क्रूवर उभं केलेलं टेबल हलणार. खालच्या आडपट्ट्या फेविकॉल लावून पक्क्या करायला हव्या होत्या. आणि ‘रस्टिक’, म्हणजे मुद्दाम खडबडीत ठेवलेलं, हे कामचुकारपणाचं गोंडस नाव आहे. करायचंच तर सागाचं करा, नाहीतर सुताराला बोलवा.

आधी फाटण्याचं बघू. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. साग पाइनपेक्षा कमी हलतो हे मान्य, पण हलतो तोही. आमच्या ऐरोलीत, खाडीचा वारा खाणाऱ्या घरात, मार्च आणि जुलै यांच्यात फूटभर रुंदीच्या पाइनच्या पाटात तीनेक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. हा फरक कुठेतरी जाऊ द्यावा लागतो. अडवलात की पाट तडकतो. मी वरच्या फळ्या कडेला कड चिकटवून एकच पाट केलाय. त्याखालच्या आडपट्ट्यांना मात्र फेविकॉलचा थेंबही नाही. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं कानशीने लांबट केलेली आणि वॉशर घातलेले, म्हणजे पाट दोन्ही बाजूंना सरकू शकतो. तुम्ही सुचवताय तशी आडपट्टी चिकटवली, तर सागाचा पाटसुद्धा फाटायची भीती आहे.

भंगाराबद्दल. न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाखालची पॅलेट तळोजा, रबाळे, वागळे इस्टेट भागातल्या भंगारवाल्यांकडे फिरत असतात. घेताना शिक्का बघायचा. कणसाच्या चित्राशेजारी ‘एचटी’ (HT) असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ (MB) असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते घरात आणायचं नाही. पण एचटी म्हणजे सुकवलेलं लाकूड नव्हे, फक्त आतली कीड मेलेली. ते घरात आणून, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून ठेवावंच लागतं. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेली फळी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

आता स्क्रू. इथे तुमचं बरोबर आहे, फक्त दोष स्क्रूचा नाही, जागेचा आहे. फळीच्या कापलेल्या टोकात स्क्रू पिळला की तो धरून राहत नाही, आणि बाजारातली कितीतरी टेबलं त्याचमुळे डुगडुगतात. माझ्या टेबलात पायाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, पाऊण इंच खोल खाच आहे आणि चौकटीची पट्टी त्या खाचेत बसते. वजन खाचेच्या बुडावर येतं. स्क्रू पट्टीतून पायाच्या अंगात आडवा जातो आणि फक्त आवळून धरतो. सगळा जीव त्या खाचेत आहे. पेन्सिलची रेघ शिल्लक राहील असं अलीकडून करवतायचं आणि मग पटाशीने पापुद्रे काढत रेघेपर्यंत यायचं. पट्टी हाताच्या दाबाने बसली पाहिजे. हातोडी मारावी लागली तर अजून एक पापुद्रा काढायचा. उलटी धरल्यावर पट्टी खाली पडली, तर तो पाय बाजूला ठेवून नवा घ्यायचा, फटीत फेविकॉल आणि भुसा कोंबायचा नाही. खाचेजवळ गाठ येईल असा तुकडा पायासाठी निवडूच नये, कारण गाठीपाशी लाकडाच्या रेषा वळतात आणि पटाशी त्यांच्यामागे भलतीकडे जाते.

म्हणून ‘कामचुकार’ हा शब्द मला लागला, खरं सांगते. खिळ्यांचे काळे व्रण, करवतीचे जुने ओरखडे, कडेचा तुटका कोपरा, हे मी मुद्दाम ठेवलं. 80 नंबरचा पॉलिश पेपर सगळीकडे फिरवला, 120 चा फक्त हात लागतो तिथे. सांध्यात मात्र खडबडीतपणाला जागा नाही. रंग आणि लांबीखाली (पुट्टीखाली) झाकलेल्या गुळगुळीत फर्निचरच्या आत काय असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

सुताराबद्दल काय बोलू! एवढ्याशा टेबलासाठी कोणी येत असेल तर नंबर मलाच द्या.

आणि साग. वखारीतला नवा साग पहिल्यावहिल्या टेबलाला घ्या, असं मी कोणालाच सांगणार नाही. महागडी फळी हातात आली की नवशिक्याची करवत चालत नाही. पण ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती पाडताना दारं-खिडक्यांच्या सागाच्या चौकटी निघतात, त्या जरूर बघा. वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड असतं. चौकट करवतीखाली घालण्याआधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे हमखास सापडतात. तुम्हाला तशी चौकट मिळाली तर तिचे पाय करा आणि पाट पाइनचाच ठेवा. आडपट्टीची लांबट भोकं तेवढी विसरू नका.