तिकडं म्हणे सगळं मोकळं

जूनमधली गोष्ट. रात्री आठला, म्हणजे सोलापुरात साडेअकराला, भाच्याचा मेसेज आला: "मावशी, नोटीस आलीय." मी स्टुटगार्टला असते. भाचा सोलापूरच्या खाण्यापिण्यावर लिहितो, रील करतो, चाळीसेक हजार लोक त्याला फॉलो करतात. एका खानावळीच्या रश्श्याला शिळ्या तेलाचा वास येतो, एवढंच तो बोलला होता. मालकाच्या वकिलानं पंधरा दिवसांत माफी आणि 10 लाखांची भरपाई मागितली.

घरच्या ग्रुपवर धुरळा. मेव्हणे म्हणाले, काढून टाक आणि गप बस, धंदेवाल्याशी कशाला नडायचं? चुलतभाऊ म्हणाला, आयटी कायद्याचं ते 66अ कलम कधीच रद्द झालंय, कोण काय वाकडं करतंय? आणि बहिणीचं नेहमीचं: "तुमच्याकडं असलं नसेल ना गं? तिकडं म्हणे सगळं मोकळं."

चुलतभावाचं अर्धंच बरोबर. 2012 साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झाली, त्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मार्च 2015 मध्ये ते कलम मोडीत काढलं. अब्रुनुकसानी मात्र जागच्या जागी आहे. 2016 मध्ये त्याच कोर्टानं ती फौजदारी गुन्हा म्हणून कायम ठेवली. जुनं 499-500 जाऊन जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 356 आलं, तुरुंगवास तितकाच, दोन वर्षांपर्यंत. (इंग्रजांनी हे कलम आपल्या गळ्यात मारलं आणि स्वतःकडचं 2009 च्या कायद्यानं काढून टाकलं, आपण अजून सांभाळून बसलोय.) शिवाय नुसतं खरं बोललो म्हणून सुटत नाही. ते लोकांच्या हिताचं होतं हे दाखवावं लागतं, किंवा मत सद्भावनेनं दिलं होतं हे.

भाच्याचं घोडं तिथंच पेंड खात होतं. नोटिशीच्या तिसऱ्या परिच्छेदात होतं की, याच इसमानं महिनाभर आधी आमच्या समोरच्या खानावळीची तोंड भरून स्तुती केली, ती पैसे घेऊन. मी फोन लावला.

"घेतलेस?"

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "सहा हजार. कोलॅब होतं गं ते. सगळेच घेतेत."

"आणि तसं लिहिलं होतंस?"

"पैसे घेतले म्हणून लिहिल्यावर कोण बघतंय मावशी?"

तेलाचा वास खराच असणार असं मी मानते. पोरगं खाण्याच्या बाबतीत खोटं बोलत नाही. पण समोरच्याचे सहा हजार दडवल्यामुळं त्याचं खरंसुद्धा कुणीतरी विकत घेतल्यासारखं दिसायला लागलं. सरकारनं जानेवारी 2023 मध्येच नियमावली काढलीय: पैसे, फुकट वस्तू, हॉटेलातला मुक्काम, काहीही मिळालं असेल तर प्रेक्षकाला स्पष्ट सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. ग्रुपवर दोनशे मेसेज पडले, त्यात हा मुद्दा एकानं काढला नाही. सगळे अभिव्यक्तीवर बोलत होते.

माझा स्वतःचा यातला राग जुना आहे. मागच्या गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आले तेव्हा त्याच्याच रीलवर बघून एक चादर घेतली, इथल्या मैत्रिणीला द्यायला. सोलापुरी चादरीला 2005 पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, हे मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पहिल्याच धुण्यात चादरीचा बोळा झाला. सोलापुरी म्हणून परगावचा माल खपतो ही आपली जुनीच रड. भाच्याला तर तो माल कुठला हेही ठाऊक नव्हतं. दुकानदारानं पुढं ठेवलं, यानं वाचलं.

आता 'मोकळं' देशाचं सांगते. जर्मनीत नुसती शिवीही फौजदारी गुन्हा आहे. 2021 मध्ये हॅम्बुर्गच्या एका मंत्र्याला ट्विटरवर अपशब्द वापरला म्हणून पोलिसांनी सकाळी सहाला घराची झडती घेतली. पुढे कोर्टानं ती झडती बेकायदा ठरवली, पण तोवर पोलीस घरात येऊन गेले होते. लिहिण्यातून चार पैसे येत असतील तर पानाखाली खरं नाव आणि पोस्ट पोचेल असा पत्ता छापावा लागतो. त्याला इम्प्रेसुम म्हणतात. माझ्या मराठी लेखांखाली माझ्या घराचा पत्ता आहे, मजल्यासकट. एकदा एका गृहस्थांनी 'तुमच्या गल्लीतून जात होतो' असं लिहून पाठवलं. आठवडाभर मी खिडकीचे पडदे उघडले नाहीत.

दुसरा दणका पैशाचा. नाताळच्या बाजारावर लिहिताना गुगलवरून एक फोटो उचलला. चार महिन्यांनी फोटोवाल्यांकडून जाड पाकीट आलं: अकरा पानं, पुन्हा असं करणार नाही याचं हमीपत्र, आणि मला पत्र लिहिण्याची त्यांच्या वकिलाची फी मीच भरायची म्हणून बिल. इथं याला आबमानुंग म्हणतात. एकूण 740 युरो. हौशी माणसाकडून किती फी उकळायची याला इथं 2013 पासून मर्यादा आहे, त्यामुळं मी निर्धास्त होते. पण माझ्या पानावर कुकरची एक जाहिरात होती. वर्षाची कमाई 38 युरो. सल्ला घ्यायला गेले तो वकील म्हणाला, जाहिरात आहे म्हणजे धंदा आहे. भरले. (भाच्याचे व्हिडिओ सोलापुरातलीच दोन पेजं रोज बिनदिक्कत उचलतात. त्यावर त्यानं कधी कुणाला साधा मेसेजही केला नाही.)

म्हणून बहिणीला म्हटलं, इथलं सगळं तिकडं नको. कुणाचे पैसे घेतले ते सांगायची सक्ती हवी आणि ती पाळलीही जावी. पत्त्याची मुळीच नको. उद्या सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी पोर बापाच्या यंत्रमागावरच्या मजुरीबद्दल लिहायला लागली, तर तिनं खाली घर नंबर द्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. आणि रश्श्याच्या वासावरून तुरुंगाची भीती घालणारं कलम तर कुणाच्याच कामाचं नाही. दिवाणी दावा लावा, तेल तपासा.

भाच्यानं व्हिडिओ काढला नाही. एका ओळखीच्या वकिलाकडून उत्तर धाडलं आणि माझ्या हट्टानं त्यात सहा हजारांचाही उल्लेख केला. मालकाकडून अजून काही आलेलं नाही.

परवा त्याचं नवं रील बघितलं. कोपऱ्यात, लाल रश्श्यावर लाल अक्षरांत, मुंगीएवढं 'पेड'. मी फोन करून विचारलं, हे वाचायचं कुणी?

"लिहिलंय की मावशी," म्हणाला.