थकणं आणि मन काढून घेणं, यात फरक आहे

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

सेवा जिवेभावे करावी, खचू नये, अशा अर्थाच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. खाडीपलीकडच्या तुमच्या ख्रिस्ती मंडळीत शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा मुलांचा बायबलचा वर्ग, तुम्ही एकट्या घेता. मे महिन्यात आणि नाताळात चाकरमानी आले की मंदिर भरतं, एरवी बाकं रिकामी. मुलं दहावी झाली की मुंबई धरतात. मंडळीचा कारभार बघणारे वडीलजन कौतुकाचे दोन शब्द बोलतात आणि त्याच दमात आणखी एक काम गळ्यात घालतात. तुमचं शेवटचं वाक्य असं होतं: "चिकाटी हा शब्द पाळकांच्या सोयीचा आहे. नेमून दिलेलं उरकावं, जीव गुंतवू नये."

तुमचा राग रास्त आहे. मंडळ्यांमध्ये राबणाऱ्या बायकांना गृहीत धरलं जातं, हे मी रोज बघतो. तरी जीव गुंतवू नये, हे मला पटत नाही.

'जिवेभावे करा' हे प्रेषित पौलाने कोणाला सांगितलं ते आधी पाहू. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हे वाक्य दासांना उद्देशून आहे. ज्यांना ना मजुरी, ना आभार, त्यांना. तुम्ही म्हणाल, मग हा राबवून घेण्याचाच मंत्र झाला. पण लगेच पुढे पौल म्हणतो की तुम्हाला वतन प्रभूकडून मिळणार आहे. दासाला वतन! ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही त्याला पौल वारस म्हणतो. आणि चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो धन्यांना बजावतो की न्यायाने वागा, तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे. तेव्हा हे वचन वडीलजनांनी तुमच्यावर उगारायची काठी नाही. ज्या सेवेची दखल माणसं घेत नाहीत तीही प्रभूच्या हिशेबी आहे, हे सांगून ते तुम्हाला माणसांच्या शाबासकीवर जगण्यातून मोकळं करतं.

त्याच पत्राच्या शेवटी अर्खिप्प नावाच्या एका सेवकासाठी निरोप आहे: तुला मिळालेली सेवा पूर्ण करण्याकडे लक्ष दे. हा निरोप पौल थेट त्याला देत नाही, "अर्खिप्पाला सांगा" असं मंडळीला सांगतो. पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाणार होतं. म्हणजे अर्खिप्प सेवेत टिकतो की नाही, ही साऱ्या मंडळीची जबाबदारी झाली. आपल्याकडे नेमकं हेच उलटं होतं. माणूस खचला की त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं आणि आपण नामानिराळे राहायचं. हे मला संतापजनक वाटतं.

एलीया संदेष्ट्याचंच बघा. रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. देवदूत त्याला रागावला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, उठवून खायला लावलं, झोपू दिलं, पुन्हा खायला लावलं. वाट तुला झेपणारी नाही, हे देवदूतानेच कबूल केलं. पुढचं काम मिळालं तेव्हा सोबतीला अलीशाही मिळाला, त्याचं काम पुढे चालवणारा. विश्रांती आणि सोबती, दोन्ही त्या हाकेतच होतं. हापूसचं कलम एक वर्ष लगडतं आणि एक वर्ष विसावा घेतं, म्हणून कोणी ते तोडत नाही.

आपल्या कोकण किनाऱ्याचाही इतिहास आठवा. स्कॉटिश मिशनचे मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ साली बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णैचं काम धरून ठेवलं, शाळा चालवल्या. रॉबर्ट नेस्बिट १८२७ मध्ये आले. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, तेही आधी मराठी शिकायला हर्णैलाच. पुढे मिशनने इथला मुक्काम हलवला. नेस्बिट १८५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच देशात सेवेत होते. शेवटी फळ येतंच, असं मी तुम्हाला सांगत नाही. मिचेलना काय दिसलं असणार? पण त्यांचं अपुरं राहिलेलं काम दुसऱ्याने उचललं. सगळं एकट्याने पुरं करायचं असतं, असं त्यांच्यापैकी कोणाच्या वाट्याला आलंच नाही.

आमच्या मंडळीत अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. पावसाळ्यात त्यांच्यासाठी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन तरीने पलीकडे जायचं, म्हणजे भाकर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळायची आणि स्टीलचा डबा पोटाशी धरायचा. त्यांना गिळवत नाही, म्हणून भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून द्यावा लागतो. प्रार्थना झाली की त्या शब्बाथशाळेतल्या मुलांची नावं विचारतात. जी मुलं कधीच मुंबईला गेली, कंपनीत लागली, त्यांचीही नावं त्यांच्या तोंडी असतात, आणि एकेकासाठी त्या प्रार्थना करतात. तुमच्या हाताखालून गेलेली मुलं वाया गेली, असं तुम्ही लिहिलंत. ती गेली ती वचन पाठ करून गेली. तुम्ही ते नुसतं उरकलं असतं तर मुलांना कळलं असतं. मुलांना ते लगेच कळतं.

म्हणून सांगतो, मन काढून घेऊ नका, कामं काढून टाका. वर्गणी गोळा करणं, नाताळची सजावट, महिला मंडळाचा हिशेब ही तुमच्या माथी मारलेली कामं या महिन्यात वडीलजनांच्या सभेत लेखी परत करा. शब्बाथशाळेला दुसरी व्यक्ती मागा. मोशेला लोकांचा भार वाटून घ्यायला सत्तर वडील मिळाले, तेही त्याने "हा भार मला एकट्याला झेपत नाही" असं देवाला तोंडावर सांगितल्यावर. ती व्यक्ती मिळेपर्यंत वर्ग एक रविवार सोडून घ्या आणि मधल्या रविवारी मुलांसोबत बाकावर बसून उपदेश ऐका.

तुमची हरकत नसेल तर तुमच्या पाळकसाहेबांशी मी बोलतो. तुम्ही इथे काय लिहिलंत ते सांगणार नाही, माणूस मागायला आलोय एवढंच सांगेन. गणपतीची गर्दी ओसरली की एका रविवारी मी स्वतः तिकडे येऊन वर्ग घेईन. कोणता रविवार सोयीचा, तेवढं कळवा.