रक्तदाब वाढवायचाच तर पोस्टिंग बघून वाढवा

फौजेतून निवृत्त होताना अपंगत्व निवृत्तिवेतन मिळावं अशी तुमची इच्छा असेल, आणि त्यासाठी तुम्ही उच्च रक्तदाब हा आजार निवडला असेल, तर तो कुठे होऊ द्यायचा हे आधी ठरवा. किती वाढला, किडनीवर काय परिणाम झाला, गोळ्या किती चालू आहेत, या सगळ्या फुटकळ बाबी आहेत. मेडिकल बोर्डाला, म्हणजे निवृत्तीवेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाला, आधी लागतं ते ठिकाण.

लष्करी डॉक्टरांसाठी २००२ साली एक मार्गदर्शिका निघाली, २००८ मध्ये ती सुधारली. तिच्यानुसार प्राथमिक (दुसऱ्या कुठल्या आजारातून न आलेला) उच्च रक्तदाब सेवेमुळे झाला असं कधीच म्हणायचं नसतं. सेवेमुळे बळावला, एवढं म्हणता येतं (पेन्शनला तेवढं पुरतं); तेही तो फील्डमध्ये (मोहिमेवरच्या तैनातीत), अतिउंचावर, बंडखोरी-दहशतवादविरोधी मोहिमेत किंवा दीर्घकाळ जहाजावर असताना उपटला तर. म्हणजे १६० बाय १०० हा आकडा सियाचीनला भरला तर ती देशसेवा. पुण्यात किंवा झाशीत भरला तर तो तुमचा घरगुती मामला.

अडचण एवढीच की हा आजार बोंब मारत नाही. ताप नाही, सूज नाही; कुणी दंडाला पट्टा बांधून मोजेपर्यंत त्याचा पत्ताच लागत नाही. चौकीवर मेडिकल ऑफिसर असतो, पण त्याच्यासमोर हिमदंशाने बोटं काळी पडलेला माणूस बसलेला असतो. त्याला बाजूला सारून "साहेब, जरा माझं बीपी बघता का, पुढे पेन्शनला उपयोगी पडेल" असं म्हणायची लाज वाटू देऊ नका. नाहीतर तुमचंही सगळ्यांसारखंच होईल. पंधरा वर्षं काश्मीर, अरुणाचल, राजस्थान करून माणूस शांतता क्षेत्रात, म्हणजे लढाईची धामधूम नसलेल्या छावणीत, येतो, तिसऱ्या महिन्यात वार्षिक तपासणी होते, आणि कागदावर आजाराचं जन्मस्थान लागतं: पुणे. आधीची पंधरा वर्षं रक्तवाहिन्या सुट्टीवर असाव्यात.

भरतीच्या दिवसाचीही थोडी काळजी घ्यायला हवी होती. त्या दिवशी तुम्हाला छाती फुगवायला लावून, दात मोजून, डोळे तपासून पूर्ण तंदुरुस्त ठरवलं. फौजी भाषेत शेप-वन. आता बोर्ड सांगतं, आजार आनुवंशिक आहे. मग त्या दिवशी तो का दिसला नाही, असं मनात आलं तरी बोलू नका. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये नेमकं हेच विचारलं होतं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेतला धरावा, तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नव्हे तर सरकारवर आहे, आणि बोर्डाने कारणं लिहावीत, असा तो निकाल. त्याला अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या पात्रतेबद्दलच्या १९८२ च्या नियमांचा आधार होता. पण आपलं संरक्षण खातं दूरदर्शी. २००८ चे नियम आणताना जुन्यांतलं भरतीच्या वेळच्या तंदुरुस्तीचं गृहीतकच वगळून टाकलं.

आता माझा सर्वांत आवडता शेरा: जीवनशैलीचा विकार.

हा वाचताना खजील व्हायला शिका. पहाटे किती वाजता उठायचं, कुठे झोपायचं, लंगरमध्ये काय शिजेल, किती पळायचं, सणाला घरी जायचं की नाही, बायको-पोरं सोबत राहतील की गावी, हे सगळं वीस वर्षं तुम्हीच तर मनमानी करून ठरवलंत! रजा कंपनी कमांडरने नाकारली असेल, पण नाकारून घेतली तुम्हीच. बाप अतिदक्षता विभागात असताना तुम्ही नाकाबंदीवर उभे होता, ही तुमची वैयक्तिक आवड झाली. घरच्या कटकटींमुळे बीपी वाढलं, असंही कधी सुचवलं जातं. त्या कटकटी फोनवरून मिटवायला लागत होत्या आणि चौकीवर रेंज नव्हती, हा तपशील फॉर्ममध्ये मावत नाही. (खोटे दावे करणारे नसतात असं नाही. निवृत्ती जवळ आली की काही वरिष्ठांचा रक्तदाब शिस्तीत वर सरकतो, अशी कुजबुज फौजेतच आहे. त्या साहेबांचा हिशोब मात्र पलटणीतल्या हवालदाराकडून चुकता करून घेण्याची पद्धत आहे.)

रिलीज मेडिकल बोर्डासमोर नम्र राहा. तुमचं अपंगत्व ३० टक्के आजीवन आहे असं बोर्ड स्वतःच लिहील आणि पुढच्याच रकान्यात त्याचा सेवेशी काही संबंध नाही असंही लिहील. रागावू नका, रागाने आकडा वाढतो. पैशांचा हिशोब तेवढा समजून घ्या. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते, तेव्हा तुमच्या वाट्याला ९ टक्के. राम अवतार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरलं जातं, म्हणजे १५ टक्के. ही रक्कम वाचावी म्हणून सरकार किती वकील उभे करतं हे पाहिलं की आपल्या आजाराबद्दल आदर वाटू लागतो.

पहिलं अपील सहा महिन्यांत करा. उत्तर येईल ते नाकारण्याचंच, पण व्याकरणशुद्ध असेल. मग दुसरं अपील. ही अपिलं ऐकणाऱ्या दोन्ही समित्या कागद बघतात, तुम्हाला नाही, त्यामुळे प्रवासखर्च वाचतो. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. तिथे एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य मिळून खंडपीठ बसतं, आणि दोघांपैकी एकाची जागा रिकामी असेल तर तारीख मिळते. उशिरा गेलात तर थकबाकी बऱ्याचदा फक्त अर्जाआधीच्या तीन वर्षांची, हे लक्षात ठेवा. वीस वर्षं गप्प बसलेल्याची सतरा वर्षं देशाच्या कामी येतात.

जिंकलात तर हुरळून जाऊ नका, कारण सरकार वरच्या कोर्टात जातं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. अपंगत्वाच्या प्रकरणांत सैनिकांना कोर्टात खेचण्याच्या सवयीवर समितीने सडकून टीका केली. अहवाल वाचनीय आहे. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात केंद्राच्या अशाच याचिकांचा गठ्ठा फेटाळला गेला. आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला एवढं लिहून भागणार नाही, २००८ च्या नियमांखालीही कारणं द्यावी लागतील, असं त्या न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं. तोवर २०२३ चे नवे नियम आलेलेच होते. सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडणाऱ्यांनी वरचा सगळा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करावा.

गोळ्या मात्र खरंच वेळेवर घेत जा. हे प्रकरण लांबचं आहे आणि अर्जदार हयात असलेला बरा.

आदेश हातात पडला तरी पेढ्यांची ऑर्डर देऊ नका. मुदतीत पैसे आले नाहीत तर आदेशाची अंमलबजावणी व्हावी म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यालाही नंबर पडतो. वकील मात्र तोच ठेवा. त्याची फाइल पाठ झालेली असते, आणि एव्हाना त्यालाही बीपीची गोळी चालू झालेली असते.