धरायला कोण हाय?

पावसाळ्यात गगनबावड्याला एक चक्कर मारून आलं की गाडीची चेन तांबड्या चिखलात अशी माखते की कडी कुठली आणि माती कुठली कळत नाही. मग ती केरोसिननं धुवायची, पुसायची, ल्युब म्हणजे वंगण मारायचं, आणि हे सगळं करताना मागचं चाक हवेत पाहिजे, कारण चाक फिरल्याशिवाय चेन फिरत नाही. माझी गाडी म्हणजे केटीएमची ड्यूक मोटरसायकल. तिला मेन स्टँड नाही, त्या जातीच्या गाड्यांना तो येतच नाही. म्हणून एक स्टँड घ्यायचा होता, एकटीला लावता येईल असा. बास, एवढंच मागणं होतं.

आता कुणी म्हणेल सर्व्हिसिंगला द्यायची ना गाडी. दिली होती. तिथल्या पोरानं गाडी चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर कापड धरलं. अशानं बोटं जातात हो, चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या मधे कापड ओढलं गेलं की मागोमाग हात. त्याला म्हटलं बंद कर, हातानं फिरव, तर म्हणाला "मॅडम, रोजचं हाय". वर चेन एवढी ताठ करून दिली की तार वाजावी. मॅन्युअलमध्ये ढिलाई किती ठेवायची ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, कारण सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणते आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. हे मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला विचारलं, "सर, आणि काय करायचं?" तो बिचारा पंक्चर काढायला आला होता.

तर स्टँड. रात्री बसून सगळा अभ्यास केला. एक असतो रोलरचा, मागचं चाक त्यावर चढवायचं आणि जागच्या जागी फिरवायचं, स्वस्त आहे, पण चेन सोडून दुसऱ्या कशाला उपयोग नाही. एक छोटा जॅक असतो, साइड स्टँडवर गाडी कलती ठेवून उजव्या बाजूनं स्विंगआर्मखाली, म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं आणि मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात त्याच्याखाली लावायचा, म्हणजे पुढचं चाक, साइड स्टँड आणि जॅक अशा तीन पायांवर गाडी उभी. एकट्या माणसाला सोपा, पण त्यावर चाक काढायचं धाडस होत नाही. आणि तिसरा तो पॅडॉक स्टँड, स्विंगआर्मला दोन्ही बाजूंनी स्पूल, म्हणजे रिळासारख्या गुंड्या लावायच्या, त्यात स्टँडचे व्ही आकाराचे हुक अडकवायचे आणि मागचा दांडा खाली दाबायचा की चाक वर. स्पूलचा बोल्टसुद्धा गाडीगणिक वेगळा, यामाहाला ६ एमएम, केटीएमला १०. स्पूल नको असतील तर एल आकाराचे रबरी पॅड मिळतात, पण ते घसरतात आणि घसरले की आपण गाडीखाली.

पॅडॉकच घ्यायचा ठरलं. ऑनलाइन मागवला असता तर हा लेख झाला नसता. पण कोल्हापुरात राहून लोखंडाची वस्तू बाहेरून मागवायची म्हणजे शिवाजी उद्यमनगरचा अपमान, इथं ऑइल इंजिनं ओतली जातात, दीड फुटाचा स्टँड काय चीज आहे. गेले एका फॅब्रिकेशनवाल्याकडं.

"स्टँड पायजे."

"कशाचा, कूलरचा?"

"गाडीचा. मागचं चाक उचलायचा."

तेवढ्यात बाकड्यावरनं आवाज आला, "गाडी कुणाची?"

हे काका. सत्तरीचे असावेत, पांढरा शर्ट, पांढरी विजार, मनगटं अजून माझ्या पिंडरीएवढी. त्यांच्या पाळण्याच्या स्टँडचा पाय निखळला होता, तो जोडायला आले होते. घरी नातू, पाळणा भिंतीला टेकवून ठेवलेला. पण त्यांना कसलीच घाई नव्हती.

"माझी."

"तसं न्हवं, चालवतं कोण?"

"मीच."

"आणि मिस्टर?"

"त्यांची स्कूटर आहे."

काकांनी हे थोडा वेळ पचवलं. "बरं. मग त्येनी गाडी धरायची, तू दांडा दाबायचा. झालं."

"ते पुण्याला असतात काका, शनिवार-रविवार येतात."

"मग शनवारी कर की!"

दुकानदार हसला. मी नाही हसले. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, काय माहीत का सांगितलं. गाडी पावणेदोनशे किलोच्या आसपास, त्यातलं निम्मं वजन मागं, स्टँडच्या दांड्याची लांबी बघता हाताला येतात पंधरा-सतरा किलो, रिकामा गॅस सिलेंडर तेवढाच असतो आणि तो मी घरात एकटीच सरकवते, तिथं कुणी धरायला येत नाही. अवघड असतं ते वजन नाही, गाडी साइड स्टँडवरनं उठून सरळ होते तो क्षण, तेव्हा ती उजवीकडं जाऊ शकते. त्यासाठी साइड स्टँडखाली फळी ठेवायची म्हणजे गाडी आधीच जवळजवळ सरळ राहते, पुढचा ब्रेक पट्ट्यानं बांधायचा, डावा हात सीटच्या शेपटीला, उजव्यानं दांडा. दोन्ही हुक बसले की गाडी आपली आपण उभी.

काका सगळं ऐकून म्हणाले, "येवढं करण्यापरास कुणालातरी हाक मारायची. तालमीतली पोरं काय मेल्यात?"

मुद्दा इथं आहे. आपल्याकडं एकट्यानं काही करायचं म्हटलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते खुपतं. माझ्या पार्किंगमध्ये मी पाना काढला की वरच्या मजल्यावरनं दोघं उतरतात. एक सांगतो डिझेल मार, एक सांगतो कोपऱ्यावरचा मिस्त्री चांगला आहे, हात मात्र एकाचाही काळा होत नाही. आणि मागच्या पावसात रंकाळ्याजवळ गाडी बंद पडली तेव्हा मी ती घरापर्यंत ढकलत आणली, तेव्हा हीच मंडळी गॅलरीत चहा पीत "काय झालं ओ?" विचारत होती. असो.

तर काका उठले. "स्टँडच नको तुला, बग." बाहेर गेले, माझ्या गाडीच्या मागं उभे राहिले, सीटखाली हात घातला आणि हूं करून गाडी मागनं उचलली. खरंच उचलली. चाक वीतभर वर. रस्त्यावरचे थांबले. काका म्हणाले, "खासबागेत लढलोय मी." आता १९१२ साली शाहू महाराजांनी ते कुस्तीचं मैदान पुरं केलं ते याच दिवसासाठी, असा त्यांचा चेहरा.

"फिरव चाक!" काका वेल्डिंगच्या पोरावर ओरडले. पोरानं फिरवलं. गाडी न्यूट्रलला नव्हती, फिरेना. "न्यूट्रल कर!" मी पळत पुढं, काकांची मान लाल, दुकानदार म्हणतोय ठेवा काका ठेवा, काका म्हणतात "गप, तिची चेन साफ होऊ दे". ठेवली एकदाची. शर्टाला चेनचा सगळा काळा माल लागलेला. बसले बाकड्यावर, पाणी प्याले, आणि मला म्हणाले, "बगितलंस? आसं करायला माणूस लागतं."

माप मीच घेतलं. स्पूल ते स्पूल अंतर, जमिनीपासूनची उंची, चाकाला टेप लावून, दुकानदार लिहीत होता. पार्किंगच्या फरशीला गटारीकडं उतार आहे म्हणून स्टँडची चाकं रबरी पाहिजेत हेही सांगितलं. ॲडव्हान्स मी दिला. आणि "झालं की फोन करतो" म्हणत त्यानं नंबर घेतला काकांचा. मी समोर उभी. म्हटलं, अहो, हे माझे कुणी नाहीत. दुकानदार म्हणाला, "आसू दे की, काका हितंच असत्यात."

फोन अर्थातच काकांना गेला. मी वाट बघून शेवटी स्वतःच गेले तर स्टँड तयार होऊन कोपऱ्यात, हुक बरोबर, माप बरोबर, रबरी चाकंसुद्धा. फक्त डाव्या बाजूला वीतभर लांबीची एक जादा मूठ वेल्ड केलेली. विचारलं हे काय.

"काकांनी सांगितलं. दुसऱ्या माणसाला धरायला."

दांडा दाबायला गेलं की ती मूठ बरोबर माझ्या नडगीवर येते. वर मजुरीत दीडशे रुपये वाढवलेत. म्हटलं कापून दे, तर म्हणतो कापायचे वेगळे लागतील, आणि काकांना विचारावं लागंल. ते दीडशे मी दिलेले नाहीत, देणारही नाही, आणि मूठ मी ग्राइंडर आणून घरीच कापणार आहे. एकटीच.