ब्रिटिश कॅमो म्हणजे हिरव्यावर तपकिरी-काळे ठिपके? अजिबात नाही

सैनिकांच्या छोट्या फिगर (पुतळे) रंगवणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय आणि नवीन पोरं तो डोळे झाकून फॉलो करतायत, म्हणून हे लिहितोय. सल्ला असा: ब्रिटिश सैनिक असेल तर त्याच्या कॅमोला, म्हणजे लपण्यासाठीच्या नक्षीच्या कपड्यांना, आधी सगळा हिरवा मारा, वर तपकिरी-काळे ठिपके द्या, मग काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) ओता, दुसऱ्या महायुद्धापासून पुढे कुठल्याही फिगरला हेच चालतं, इराकचा असेल तर फक्त वाळवंटी रंग, आणि २८ एमएमच्या, म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटर उंच फिगरवर एवढं बारीक बघतंय कोण. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

"कुठल्याही फिगरला चालतं" हे आधी घेऊ. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या आर्नहेमला उतरलेल्या ब्रिटिश पॅराट्रूपरच्या अंगावर डेनिसन स्मॉक (वरून घालायचं सैल जॅकेट) होता. त्यात काळा रंगच नाही. पिवळट वाळूसारखा बेस आणि त्यावर वाटाणी हिरवे आणि तपकिरी रुंद फटकारे, बस. आणि कॅमो फक्त त्या स्मॉकवर, खाली पँट साधी, बॅटलड्रेसची (तेव्हाच्या नेहमीच्या गणवेशाची) लोकरी खाकी. पँटपण कॅमो केलेला आर्नहेमचा पॅरा दिसला की खरंच वाईट वाटतं, कारण बाकी मेहनत चांगली असते. काळ्यासकट चार रंगांचं डीपीएम (डिसरप्टिव्ह पॅटर्न मटेरियल, ब्रिटिश सैन्याचं छापील कॅमो) साठच्या दशकात आलं, १९८२ च्या फॉकलंड युद्धात तेच होतं. आणि २०१० पासून अफगाणिस्तानात एमटीपी (मल्टि-टेरेन पॅटर्न) यायला लागलं, ते तर मल्टिकॅम या अमेरिकन कॅमोच्या घराण्यातलं, त्यातले रंग एकमेकांत विरघळत जातात, तिथे हिरवा-तपकिरी-काळा हा फॉर्म्युला मुळात लागूच होत नाही.

आता ठिपके. माझा खरा राग यावर आहे. सुरुवातीचे डेनिसन चक्क मोठ्या ब्रशने हाताने रंगवलेले होते आणि डीपीएम छापील असलं तरी त्यातले आकार ब्रशच्या फटकाऱ्याचेच आहेत, एका बाजूला भरीव आणि टोकाला केस फाटल्यासारखे तुटलेले. गोल ठिपका दिला की ते ब्रिटिश राहतच नाही, कुठल्याही देशाचं होतं. आपल्या हातात ब्रशच आहे, मग फटकारा मारायला अडचण काय? शून्य नंबरचा ब्रश घ्या, टोक चांगलं पाहिजे, रंग थोडा पातळ करा, टिश्यूवर एकदा टेकवून जास्तीचा काढून टाका. बाहीवर हिरव्याचे तीन-चारच आकार बसवा, एकमेकांना कुठेतरी चिकटलेले, आणि प्रत्येक फटकारा संपताना ब्रश पटकन उचला म्हणजे टोक आपोआप फाटतं. नाही फाटलं तर बेसच्या रंगाने त्या टोकात दोन-तीन बारीक रेघा आत ओढा, लगेच फरक दिसतो. मग तपकिरी, हिरव्याच्या कडेवर थोडा चढलेला. काळा फक्त डीपीएमला, सगळ्यात शेवटी, बारीक आणि कमी. आणि तो शुद्ध काळा नको, काळपट तपकिरी घ्या, एवढ्या छोट्या फिगरवर शुद्ध काळा भोकासारखा दिसतो.

अजून एक, कापड आधी छापतात आणि मग कापून शिवतात. म्हणजे खिशाच्या झडपेवर, बाहीच्या शिवणीवर पॅटर्न तुटायलाच पाहिजे. बरेच जण एकच फटकारा छातीवरून खिशावर तसाच ओढत नेतात आणि खिसा सपाट होऊन गायब होतो. झडपेवर मुद्दाम वेगळा रंग येऊ द्या, खिसा लगेच उठून दिसेल.

"आधी सगळा हिरवा" का नको, तर कापडावर तळाचा रंग वाळूचा आहे आणि तो बाकीच्या आकारांच्या फटींतून दिसतो. हिरव्यापासून सुरुवात केली की वाळू नंतर वरून द्यावी लागते आणि मग तिचेच ठिपके होतात, म्हणजे परत तिथेच आलो. लोक म्हणतात हिरवा जास्त दिसतो म्हणून हिरवा बेस सोपा, मान्य, वेळ वाचतो, पण पॅटर्नचा जीव त्या फटींत आहे.

काळा वॉश तर नकोच. वाळू मळकट होते, तपकिरी आणि काळा एक होतात, आणि अर्धा तास खपून केलेले आकार दोन मिनिटांत चिखलात जातात. पातळ तपकिरी फक्त घड्यांमध्ये सोडा, खांद्यावर आणि गुडघ्यावर वाळूच्या रंगाचा अगदी पाण्यासारखा हात फिरवा, झालं. (मॅट वॉर्निशचा स्प्रे मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत पांढरी झाक येते आणि सगळी मेहनत पाण्यात.)

"बघतंय कोण" याचं उत्तर असं की हातभर अंतरावरून आकार मोजत कोणी बसत नाही, पण पॅटर्न हलका-गडद खेळतोय की नुसता चिखल आहे हे लगेच कळतं. म्हणून छोट्या फिगरवर आकार कमी आणि किंचित मोठे करायचे, आकार सोडून द्यायचे नाहीत. फॉकलंडच्या फिगरवर अठ्ठावन्न पॅटर्नचं (१९५८ चं) वेबिंग, म्हणजे सामान अडकवायचे पट्टे आणि पिशव्या, साधं हिरवं आहे, ते साधंच ठेवा, त्या पट्ट्यांमुळे कॅमोला श्वास मिळतो.

राहिला इराक. १९९१ चं वाळवंटी डीपीएम दोनच रंगांचं, वाळूवर तपकिरी, तिथपर्यंत ठीक. पण २००३ मध्ये वाळवंटी कपडे सगळ्यांना पुरलेच नाहीत, ब्रिटिश सरकारच्या ऑडिटमध्येसुद्धा ही टंचाई नोंदलीय, आणि कितीतरी सैनिक हिरव्या डीपीएममध्येच आत गेले. वाळवंटी बाह्या आणि वर हिरव्या डीपीएमचं बॉडी आर्मर कव्हर, अशी मिसळ त्या वेळच्या फोटोंमध्ये भरपूर दिसते. त्यामुळे तुमच्या इराकमधल्या बसराच्या फिगरवर हिरवं बघून कोणी "चुकलं" म्हणालं तर त्याला २००३ चे फोटो दाखवा.