पैसे पाण्यात गेले, पण कुठे?

«तुमचा लेख वाचून झेब्रा डॅनिओची जोडी लावली. अंडी झाली, पिल्लंही निघाली, तुम्ही सांगितलेलं खाद्य दिलं, वर उकडलेल्या अंड्याचा बलकही घातला, आणि दहाव्या दिवशी टाकी रिकामी. दीड हजार रुपये अक्षरशः पाण्यात. असल्या परदेशी नखरेल माशांपेक्षा आपले गप्पी बरे, काही न करता वाढतात. आणि टाकी मासे न सोडता सहा आठवडे नुसती चालवायची, ही नवख्यांना घातलेली भीती आहे.»

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा स्वतःचा लेख उघडून पाहिला. चूक माझी आहे. पण तुम्ही दाखवलीत ती नाही, दुसरीच.

अंडी खाली पडावीत आणि आई-बापाने ती गिळू नयेत म्हणून तळाला गोट्या पसरा, संध्याकाळी जोडी सोडा, पहाटे उजेड पडला की अंडी मिळतील, मग मोठे मासे लगेच बाहेर काढा, हे सगळं मी रंगवून सांगितलं. पिल्लांच्या खाण्याचं मात्र शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत उरकलं. त्यातही ‘आर्टेमिया द्या’, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव द्या, असं मोघम लिहिलं. कितव्या दिवसापासून, ते लिहिलंच नाही.

तुमच्या टाकीत काय झालं असेल, सांगतो. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पिल्लं आधी काचेला चिकटून असतात, पोटाखालच्या बलकावर जगतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहायला लागतात आणि बलक संपत येतो. तेव्हा पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं असतं, त्याचं तोंड किती असणार? नुकतं निघालेलं आर्टेमिया अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ताट वाढलेलं होतं, पण घास तोंडात मावत नव्हता. पिल्लं उपाशी मेली. पाणी बहुधा नंतर बिघडलं. त्यात तुम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातलात. तो पिल्लांनी खाल्ला थोडा आणि कुजला जास्त. जुने लोक बलक वापरतात, मीही वापरलाय, पण टाचणीच्या टोकाएवढाच घालायचा आणि उरलेला तासाभरात नळीने ओढून काढायचा. तेवढी चिकाटी नसेल तर त्याचं ऑम्लेट केलेलं बरं.

त्या पहिल्या आठवड्यासाठी इन्फ्युसोरिया लागतो, म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपक्यांसारखे दिसणारे जीव. मूठभर भाताचा पेंढा उकळून गार करायचा, बरणीत घालायचा, वर जुन्या टाकीतलं वाटीभर पाणी ओतायचं आणि बरणी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवायची. पहिले दोन-तीन दिवस पाणी गढूळ होतं आणि असा वास मारतं की घरचे तुम्हाला बरणीसकट बाल्कनीत पाठवतील. मग ते निवळतं. टॉर्च मारून पाहिलं की धुळीसारखे कण स्वतःहून हलताना दिसतात. तयार झालं. याला पाच ते सात दिवस जातात, म्हणून बरणी जोडी लावायच्या आधी लावायची, अंडी दिसल्यावर नाही. हे वाक्य लेखात सगळ्यात वर हवं होतं. आज टाकलं आहे.

आता ‘परदेशी नखरेल’. अहो, हा मासा आपल्याकडचाच! फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात याचं पहिलं वर्णन आहे. पाऊस पडला की हा उथळ पाण्यात, भातखाचरांत अंडी घालतो. म्हणजे पेंढ्याचं पाणी हा मी काढलेला शोध नव्हे, ते त्याच्या पिल्लांचं माहेर आहे. आणि तुमचे ‘आपले’ गप्पी? ते दक्षिण अमेरिकेकडचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून पालिकेने हौदाहौदांत सोडले आणि आपण त्यांना घरचं मानून बसलो. गप्पी सोपे हे मात्र खरं. मादी अंडी न घालता जिवंत पिल्लं देते, आणि ती पहिल्या दिवसापासून चुरडलेलं कोरडं खाद्य खाऊ शकतात. डॅनिओच्या पिल्लाला ते जमत नाही, यात नखरा कसला?

सहा आठवड्यांबद्दल अर्धं मान्य. ते नव्या, मोठ्या टाकीसाठी आहे. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला तेवढा वेळ लागतो. पिल्लांच्या पंधरा-वीस लिटरच्या टाकीला थांबायची गरज नाही. चालू टाकीतला मुरलेला स्पंज फिल्टर उचलून तिथे लावा, हवा अगदी मंद सोडा. तो स्पंज नळाखाली मात्र धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

तुमची जोडी अजून आहे ना? मग आज पेंढा उकळा. पुढच्या शनिवारी बरणी निवळलेली दिसली तर संध्याकाळी जोडी लावा. पिल्लं पोहायला लागली की दिवसातून तीन-चार वेळा त्या बरणीतलं थोडंथोडं पाणी घाला. आर्टेमिया दहाव्या दिवसाच्या आसपास द्या. खाल्ल्यावर पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात. दिसली नाहीत, तर इथेच येऊन मला पुन्हा झोडपा.